भिंतीवरचं गाव

"या शनिवारी रेणुकाच्या वस्तीवर," होनराव गुरुजी म्हणाले, आणि अख्खा चौथीचा वर्ग मागं वळून माझ्याकडं बघायला लागला.

माणिक मोरेला ते पटलं नाही. तो उभा राहिला. "गुरुजी, वडारवस्ती कुठं आपल्या गावात येती? ती तर खाणीवर हाय."

"मग खाण कुठल्या गावात आहे? लंडनात?"

पोरं खो खो हसली. माणिक कान लाल करून खाली बसला आणि माझी मान अशी ताठ झाली की विचारू नका. कितीतरी शनिवार मी त्या एका वाक्याची वाट बघत होते.

माझ्या भाच्याची पोरगी आता सोलापुरात शाळेत जाते. दर शुक्रवारी तिच्या आईच्या मोबाईलवर शाळेचा निरोप येतो, या आठवड्यात तुमचा पाल्य काय काय शिकला म्हणून. वर फुलाफुलांची नक्षी असते. ती बाई मला तो कौतुकानं वाचून दाखवते आणि मी बरं आहे, बरं आहे म्हणते. आमच्या आईबापांना असले निरोप कोण पाठवणार? पाठवले असते तर त्या वर्षी पिंपरसोंडच्या शाळेतून निरोप गेला असता की यंदा चौथीचा वर्ग दर आठवड्याला थोडं थोडं गाव शिकतो आहे.

परिसर अभ्यासाच्या पुस्तकात एक प्रश्न असायचा, तुमच्या गावाचा नकाशा काढा. बाकीचे मास्तर ते पान उलटून पुढं जायचे. आमच्या गुरुजींनी ते पान भलतंच मनावर घेतलं होतं. शाळेची रस्त्याकडची लांब भिंत त्यांनी स्वतः चुन्यानं पांढरी केली. मग दर शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आत आम्हाला रांगेनं गावाच्या एकेका कोपऱ्यात न्यायचं, तिथं बसून पाटीवर काढायला लावायचं, आणि सोमवारी त्यातलं चांगलं चांगलं भिंतीवर रंगवायचं. एका आठवड्यात उगवतीकडं तोंड करून दिशा शिकलो. एका आठवड्यात देवळाला त्रिकोण, विहिरीला निळा गोल, घराला चौकोन. पिठाच्या गिरणीचा आठवडा, ओढ्याचा आठवडा, मळ्याचा आठवडा. येणारीजाणारी माणसं सायकल थांबवून आपलं घर शोधायची. ज्याचं घर सापडायचं तो दुसऱ्याला बोलावून दाखवायचा. माझं घर त्यात नव्हतं, म्हणून मला ती भिंत बघवत नव्हती.

तर त्या शनिवारी वर्ग आमच्या वस्तीवर आला. गावाच्या दक्षिणेला गायरान, गायरानाच्या टोकाला बंद पडलेली दगडाची खाण, आणि खाणीच्या काठावर आमची घरं. दगडावर दगड रचलेल्या भिंती, वर पत्रा, पत्रा उडू नये म्हणून वर पुन्हा दगड. बाप्ये माणसं सगळी विजापूरकडं रस्त्याच्या कामावर गेली होती, माझा बापही. वस्तीवर बाया, म्हातारी आणि पोरं. माझ्या आयनं, दुर्गव्वानं, पहाटेच उठून अंगण सारवलं होतं आणि परातभर शेंगदाणे न् गूळ काढून ठेवला होता.

परात फिरली तेव्हा पोरं एकमेकांकडं बघायला लागली. घरून सांगून पाठवलेलं असणार, दुसरं काय. आय परात धरून तशीच उभी. मला वाटलं जमीन फाटावी. तेवढ्यात गुरुजींनी पुढं होऊन मूठभर शेंगदाणे उचलले, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "रेणुकाच्या आई, गूळ कुठला हो? झकास आहे." मग काय, परात पुसून निघाली. माणिकनं तर दोन्ही खिसे भरले.

हे मी मुद्दाम सांगते. होनराव गुरुजी वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर मला पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

सोमवारी भिंतीवर आमची वस्ती आली. गुरुजींनी घरं काढली आणि ब्रश माझ्या हातात दिला. "तुझं घर तू रंगव." मी त्याला लाल रंग दिला. आमच्या पत्र्याला कसला लाल रंग, सगळा गंजलेला. पण गुरुजी म्हणाले गंजसुद्धा लालच असतो. संध्याकाळी मी आयला हाताला धरून ओढत नेलं. तिनं भिंतीपुढं उभं राहून बराच वेळ त्या चौकोनाकडं बघितलं, पदराला बोट पुसून त्याला हात लावला, आणि बोटाला रंग लागला म्हणून घाबरली. "मोडलं का गं काय?" म्हणाली.

पुढं त्या नकाशाचा बोलबाला झाला. केंद्रातले मास्तर येऊन बघून गेले. तालुक्याच्या पेपरात फोटो आला. आणि मग बातमी आली की तहसिलातले मोठे साहेब गावात येणार आहेत आणि शाळेतही थांबणार आहेत.

ते यायच्या आधी एका संध्याकाळी विश्वंभरआण्णा आमच्या वस्तीवर आले. आण्णा म्हणजे आमचे सरपंच. आमच्या दारात यायचं त्यांना कधी कारण पडलं नव्हतं, मतं मागायलासुद्धा ते माणूस धाडायचे. आयनं घाईघाईनं बाजेवर वाकळ टाकली. ते बसले आणि चहा मागून घेतला. आमच्या घरचा चहा. आय हरखून गेली, साखर दोनदा टाकली तिनं.

"तिम्मा कधी येतोय?"

"दिवाळीला येत्याल. समदे बाप्ये तिकडंच हायेत, आण्णा."

"बरं, मग तुलाच सांगतो. साहेब येणार हाईत. गुरुजीनं भितीवर नकाशा काढलाय, त्यो बी बघणार."

"आमचं बी घर हाय त्यात," आय म्हणाली.

"तिथंच घोळ हाय, दुर्गव्वा." आण्णांनी कप खाली ठेवला. "गायरानातली घरं ही. सरकारी जागा. साहेबानं भितीवर घरं बघितली की विचारणार, कुणाची घरं? कुणाला इचारून बांधली? मी काय सांगू? हाय का काही कागद तुझ्याकडं?"

आय गप्प झाली.

ती का गप्प झाली ते तुम्हाला सांगायला हवं. मी जन्मायच्या आधी आमची माणसं दुसऱ्या एका गावाच्या कडेला राहत होती. तिथं एक दिवस एक माणूस आला. सगळ्यांची नावं लिहून घेतली, दारादारावर गेरूनं आकडे टाकले. लोकांना वाटलं काहीतरी मिळणार, म्हणून त्याला कोंबडं कापून घातलं. महिन्याभरात पोलीस आले आणि त्याच आकड्यांच्या क्रमानं घरं पाडत गेले. तेव्हापासून आमच्या लोकांनी एक गाठ मारून ठेवली होती. नाव लिहून देऊ नये, मोजून घेऊ देऊ नये, कुठं दिसू नये. जो दिसला तो उठला. माझं नाव शाळेत घालायचं तर आय चार दिवस जेवली नव्हती.

"मग काय करायचं, आण्णा?" तिनं विचारलं.

"काही करायचं न्हाई. दिसायचं न्हाई, बास. गुरुजीला मी सांगतो. साहेब येत्याल, ताक पित्याल, जात्याल." मग ते माझ्याकडं वळले. "आन् ही पोरगी बोलायला धीट हाय म्हणं. नकाशा दाखवायला हिलाच उभी करू. वस्तीतलीच पोर बोलली म्हंजी कुणाला शंकाच येणार न्हाई."

ते गेल्यावर मी थयथयाट केला. मी सांगणार नाही, मी शाळेतच जाणार नाही, मी हे करीन न् ते करीन. आयनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"घर भितीवर पायजे का डोस्क्यावर पायजे?"

मी वाकळ ओढून झोपले.

त्या आठवड्यात वर्ग कुठंच गेला नाही. त्या आठवड्यात पाठांतर. गावाच्या उत्तरेला ओढा, पूर्वेला मळा, पश्चिमेला धनगरवाडा, दक्षिणेला गायरान. सगळ्या वर्गानं एका सुरात म्हणायचं आणि मी छडी फिरवायची. माणिकनं एकदा विचारलं, "गुरुजी, आन् रेणीची वस्ती?" गुरुजी म्हणाले, "जेवढं सांगितलंय तेवढंच म्हणायचं." माणिकच्या वाट्याला त्या वर्षी दोन्ही बाजूंनी बोलणी आली बिचाऱ्याच्या.

शाळा सुटल्यावर गुरुजी चुन्याची बादली घेऊन भिंतीपाशी आले. मी तिथंच दप्तर धरून उभी होते.

"तुम्हीच म्हणाला होतात, आमची वस्ती गावात आहे."

"आहेच ना. कोण नाही म्हणतंय?" त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "साहेब जाईपर्यंत फक्त. मग परत काढू. तुझ्याच हातानं काढू."

चुन्याचे दोन हात दिले तरी माझा लाल चौकोन खालून दिसतच होता. मोठा चिवट रंग. मग त्यांनी हिरवा डबा उघडला, ब्रश बुडवला आणि माझ्यापुढं धरला. "ये. हे गवत तू रंगव."

त्यांना वाटलं असेल, ब्रश मिळाला की पोर गप्प बसेल. आणि खोटं कशाला सांगू, ब्रशासाठी सगळी पोरं जीव टाकायची. मी रडत रडत रंगवलं, पण नीट रंगवलं. कडेबाहेर थेंब जाऊ दिला नाही. गुरुजींनी त्यावर एक बाभळ काढली आणि बाभळीखाली एक गाय.

साहेब आले ते उन्हाचेच. जीपमधून उतरताना त्यांनी रुमाल डोक्यावर घेतला तो शेवटपर्यंत काढला नाही. शाळेच्या अंगणात चिंचेखाली खुर्च्या, टेबलावर चादर, तांब्यात ताक. सोबत एक कारकून आणि गावचे तलाठी. आण्णा नवीन टोपी घालून शेजारी. निम्मं गाव गोळा झालेलं, आणि सगळ्यात मागं कुंपणाला धरून माझी आय.

"आण्णा, ती जागा बघायला जायचंय ना?" साहेबांनी विचारलं.

"जाऊ की साहेब. लांब हाय जरा, आन् गाडी जात न्हाई तिकडं. त्याच्या आधी आमच्या पोरांचं काम तर बघा. अख्खं गाव भितीवर हाय. एक बी घर सुटलेलं न्हाई."

साहेब भिंतीपाशी आले आणि खरंच खूश झाले. गुरुजींनी मला खुणावलं. मी छडी घेतली आणि सुरू झाले. ओढा, मळा, गिरणी, देवळं, विहिरी. कुठं अडखळले नाही. साहेब मान डोलवत होते. शेवटी मी म्हटलं, "दक्षिणेला गायरान," आणि छडी खाली घेतली. पाठ केलेलं तिथंच संपत होतं.

"शाब्बास. नाव काय तुझं?"

"रेणुका तिम्मा विटकर."

"बरं रेणुका, हे गायरान तू बघितलंयस का? गेलीयस कधी तिकडं?"

"रोज जाते साहेब." लोक हसले. मला कळलं नाही का हसले.

"मग सांग बघू, तिथं कोण राहतं?"

हे पाठ करून घेतलं नव्हतं. मी गुरुजींकडं बघितलं. ते आपल्या चपलेच्या अंगठ्याकडं बघत होते. मी आण्णांकडं बघितलं, त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मग मी मागं आयकडं बघितलं. तिनं कुंपणावरून मान पुढं काढली होती, आणि ती डोळे बारीक करून, हळूच, डावीउजवीकडं मान हलवत होती. नाही म्हण. नाही म्हण.

"कोणी नाही, साहेब," मी म्हटलं.

"घर? झोपडी? काहीच नाही?"

"काही नाही. गवत हाय."

साहेब कारकुनाकडं वळले. "घ्या लिहून. जागा मोकळी आहे." मग रुमालानं मान पुसत खुर्चीकडं निघाले. "आता एवढ्या उन्हात कशाला जायचं, आण्णा? इथंच पंचांच्या सह्या घेऊ."

टाळ्या पडल्या. मला कंपासपेटी मिळाली, पत्र्याची, वर हरणाचं चित्र. आय वाटेनं माझा हात सोडायला तयार नव्हती. येईल त्या बाईला सांगत होती, पोरीनं समद्यांला वाचिवलं. घरी आल्यावर तिनं माझी दृष्ट काढली.

ट्रॅक्टर आले ते पुढच्या महिन्यात, एका सकाळी, आम्ही अजून भाकरीच्या परातीवर असताना. ट्रॉल्यांत सिमेंटचे लांबलांब खांब, तारांची भेंडोळी, आणि मागून जीपमध्ये तलाठी. गावाला विजेचं उपकेंद्र मंजूर झालं होतं. दोन वर्षं आण्णा त्याच्या मागं होते आणि जागेवाचून अडलं होतं. राहत्या वस्तीवर जागा देता येत नव्हती, आधी त्या माणसांची कुठंतरी सोय लावावी लागत होती, आणि ती सोय म्हणजे आण्णांच्या भावकीच्या रानाला लागून असलेली सरकारी पड जमीन, जी भावकीनं दाबून ठेवली होती. मोकळं गायरान मिळालं की प्रश्नच मिटला. हे सगळं मला पुढं कितीतरी वर्षांनी कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की तलाठी कागद दाखवून आयला सांगतोय, "बाई, इथं वस्तीच नाही. पंचनाम्यात मोकळी जागा आहे."

"आन् ह्ये काय हाय मग?" आयनं आमच्या घरावर हात ठेवून विचारलं.

"ते मला विचारू नका. सामान काढून घ्या."

आय तशीच पिठाच्या हातानं आण्णांच्या वाड्यावर धावली. मी तिच्या मागं. आण्णा ओसरीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते.

"आण्णा, तुम्ही म्हणाला होता, दिसू नका. दिसलो न्हाई तर उठवणार न्हाईत."

"म्हणालो होतो."

"मग?"

"मग मी काय केलं, दुर्गव्वा?" ते शांतपणे म्हणाले. "साहेबाला मी एक शबुद बोललो का? तुझ्या पोरीनं सांगितलं, तिथं कोणी ऱ्हात न्हाई. साऱ्या गावानं ऐकलं. तू बी तिथंच हुतीस की."

आय माझ्याकडं वळली. मला वाटलं आता मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं पदरानं हाताचं पीठ पुसलं आणि म्हणाली, "चल. भांडी काढायची हायती."

दुपारपर्यंत घरं पडली. पाडायला तरी काय लागतंय, मातीचा गिलावासुद्धा नव्हता. दगड मात्र त्यांनी फेकले नाहीत, खांबांच्या खड्ड्यात भरायला घेतले. बाप्ये येईपर्यंत आम्ही सगळ्या बाया न् पोरं एसटीच्या थांब्याजवळ रस्त्याच्या कडेला राहिलो. गावातून कोणी एक शब्द बोलायला आलं नाही. विजेचे दिवे कुणाला नको होते?

होनराव गुरुजींना आधीपासून ठाऊक होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. त्यांना बढती मिळाली नाही, बदलीही मिळाली नाही. ठाऊक होतं असं कळलं असतं तर निदान मनापासून शिव्या तरी घालता आल्या असत्या. तेवढंही नशिबात नव्हतं.

पुढच्या एका शनिवारी मी थांब्याजवळ बोचक्यावर बसले होते आणि रस्त्यानं माझा वर्ग रांगेनं आला. पुढं गुरुजी. ते आम्हाला बघून थबकले, मग पुढं झाले. माणिक मात्र थांबला.

"रेणे, येती का? आज खांब बघायला चाललोय. लई उंच हायेत म्हणं."

"मी न्हाई येत."

"जा की," आय मागून म्हणाली. ती तीन दगडांवर भगुलं चढवत होती. "शाळा बुडवू नगं."

गेले. आयच्या शब्दाबाहेर त्या दिवसांत कोण जाणार? गायरानात खांब उभे राहिले होते, भोवती तारेचं कुंपण पडत होतं. गुरुजींनी सगळ्यांना बाभळीच्या सावलीला बसवलं आणि समोर दिसतंय ते पाटीवर काढायला सांगितलं. पोरं खांब काढायला लागली. मी चौकोन काढला. त्यावर पत्रा काढला, पत्र्यावर दगड काढले.

गुरुजी फिरत फिरत माझ्यापाशी आले आणि वाकले.

"रेणुका," ते हळू आवाजात म्हणाले, "जे दिसतंय तेच काढायचं."

"तवा दिसत हुतं गुरुजी. तवा का काढू दिलं न्हाई?"

त्यांनी वळून कुंपणाकडं बघितलं. मग म्हणाले, "पूस ते," आणि माणिकची पाटी बघायला निघून गेले.

मी थुंकी लावून पाटी पुसली आणि खांब काढला. मग दुसरा काढला.

थांब्यावर परत आले तेव्हा आयनं विस्तव फुंकता फुंकता विचारलं, "आज काय शिकिवलं?"

"खांब," मी म्हटलं.

"बरं हाय," ती म्हणाली, आणि पुन्हा फुंकायला लागली.